मिलिमीटरभर सस्पेन्शन

रिमोटवर चालणारी एक-दशांश मापाची फॉर्म्युला गाडी हातभर लांब, वीतभर रुंद आणि वजनाने किलोभर असते. बहुतेकींना ताकद मिळते ती फक्त मागच्या चाकांतून. सस्पेन्शनच्या बाबतीत या गाड्यांची तीन घराणी आहेत. पहिलं टी-प्लेटवाल्यांचं, दुसरं लिंकवाल्यांचं, आणि तिसरं खऱ्या एफ-वनसारखं चारही चाकांना स्वतंत्र विशबोन लावणाऱ्यांचं. तिन्ही घराण्यांच्या गाड्या माझ्या टेबलावर उघडलेल्या आहेत. भोसरीत शॉकअपच्या सुट्या भागांच्या कारखान्यात नोकरी, रविवारी रिकाम्या पार्किंगचं डांबर, आणि कंपनीने जर्मनीला पाठवलं होतं तेव्हा स्टुटगार्टजवळच्या एका क्लबच्या हॉलमधलं कार्पेट, एवढ्या भांडवलावर पुढचे बोल आहेत.

१. खऱ्या एफ-वनचं चित्र भिंतीवर लावावं, गाडीत शोधू नये

या छंदात येणारा जवळजवळ प्रत्येक जण टीव्हीवरच्या एफ-वनमधून येतो, आणि येतानाच पुशरॉड-पुलरॉडचा वाद, म्हणजे चाकाची हालचाल दांडीने ढकलून स्प्रिंगपर्यंत न्यायची की ओढून, हा वाद सोबत आणतो. डिझायनर गॉर्डन मरेने १९७४ च्या ब्रॅबम बीटी-४४ ला पुलरॉड लावला. पुढे पुशरॉडचं राज्य आलं. २००९ मध्ये एड्रियन न्यूईने रेड बुल आरबी-५ च्या मागच्या बाजूला पुलरॉड परत आणला, आणि २०२२ चे नियम आल्यावर रेड बुल आणि मॅक्लारेन या दोघांनी तो पुढच्या चाकांनाही लावला. वाचायला हे सगळं फार सुरस आहे. पण या निवडीमागचं मोठं कारण हवा असते. दांडी कुठून गेली की हवा मोकळी वाहते, स्प्रिंग आणि डॅम्पर किती खाली बसवता येतात, गिअरबॉक्सच्या वर किती जागा उरते, असे ते हिशोब आहेत. ताशी चाळीस-पन्नास किलोमीटरने पळणाऱ्या किलोभर वजनाच्या गाडीत यातला एकही हिशोब त्याच वजनाने लागू होत नाही.

रेसच्या बहुतेक रिमोट फॉर्म्युला गाड्यांचं मागचं कव्हर उचललं तर विशबोन दिसतच नाही. मोटर, डिफरन्शियल आणि धुरा हे सगळं एकाच पेटीत बसवलेलं असतं. तिला पॉड म्हणतात. दोन्ही मागची चाकं एकाच सरळ धुऱ्यावर असतात. एक उचललं की दुसरं कलतंच. म्हणजे या पॉडला चेसिसशी जोडायचं कसं, एवढाच मागच्या सस्पेन्शनचा प्रश्न उरतो. टी-प्लेट आणि लिंक ही त्याचीच दोन उत्तरं आहेत, आणि दोन्ही एक-द्वादशांश मापाच्या सपाट पॅन-कारकडून आलेली आहेत. एफ-वनशी त्यांचं नातं वरच्या बॉडीपुरतंच.

२. लांबी दहाने भागली म्हणून सगळंच दहाने भागलं जात नाही

तुलनेत सगळ्यात जास्त गफलत इथे होते, म्हणून जरा थांबतो.

२०२२ मध्ये खऱ्या एफ-वनचं किमान वजन ७९८ किलो होतं. माप दहाव्या हिश्श्यावर आणलं तर घनफळ हजाराव्या हिश्श्यावर येतं, म्हणजे ती गाडी साधारण आठशे ग्रॅमची व्हायला हवी. आपली त्याहून थोडी जड असते. इथवर हिशोब जुळतो. पण सांध्यातलं घर्षण आणि सांध्यातला खेळ त्या हिशोबाने भागला जात नाही. बॉल-जॉइंट प्लास्टिकचा, पिन तीन मिलिमीटरची, आणि दोन्हींमध्ये वितळवून ओतलेल्या प्लास्टिकला जमेल तेवढीच नेमकी फट. दोन-दशांश मिलिमीटर खेळ ही या गाड्यांत रोजची गोष्ट आहे. खऱ्या गाडीच्या मापात तो दोन मिलिमीटर होतो. सस्पेन्शनच्या प्रत्येक सांध्यात दोन मिलिमीटर खेळ असलेली रेसची गाडी कुठला मेकॅनिक पिटबाहेर सोडेल?

घर्षणाचंही तेच. मागच्या एका चाकावर जेमतेम तीनशे ग्रॅम वजन येतं. सांध्यांची अडकण तीस ग्रॅमची जरी असली तरी चाकावरच्या वजनाचा दहावा हिस्सा तिथेच अडतो. तेवढा जोर लागेपर्यंत चाक हलत नाही, आणि हललं की परत जिथल्या तिथे येत नाही.

म्हणून डिझाइन हातात घेतलं की मी आधी सांधे मोजतो. दुहेरी विशबोन आणि पुशरॉड असलेल्या एका चाकाला, टाय-रॉड सोडून, नऊ सांधे लागतात. दोन आर्मचे आतले दोन, बाहेरचे दोन, पुशरॉडची दोन टोकं, रॉकरचा आस, आणि शॉकअपची दोन टोकं. चार चाकांचे छत्तीस. लिंकवाल्या मागच्या भागात मधला पिव्हट, दोन लिंकची चार टोकं, दोन डॅम्पर-नळ्यांची चार आणि मधल्या शॉकअपची दोन, असे दोन्ही चाकांचे मिळून अकरा. टी-प्लेटमध्ये तर सांधा म्हणावं असं फारसं काही नाही. प्लेट वाकते, तोच सांधा.

दुसरी गोष्ट वेळेची. स्प्रिंग गाडीच्या वजनाने एक मिलिमीटर दबत असेल तर ती गाडी सेकंदाला सुमारे सोळा वेळा हिंदकळू शकते. दहा मिलिमीटर दबत असेल तर पाच वेळा. छोट्या गाडीत सगळं लवकर घडतं, आणि सस्पेन्शनची हालचाल मिलिमीटर-दीड मिलिमीटरमध्ये संपते. एवढ्याशा हालचालीत दोन-दशांश खेळ असला तर पाचवा हिस्सा हिशोबाबाहेर गेला.

सस्पेन्शन किती हलतं यापेक्षा हलून परत किती नेमकं त्याच जागी येतं, हे मी आधी बघतो. तिन्ही घराण्यांना पुढे हीच एक फूटपट्टी लावली आहे.

३. टी-प्लेट साधी दिसते, पण तिचा तडजोडीचा स्वभाव ओळखून घ्यावा

तामिया कंपनीची नव्वदच्या दशकातली एफ-१०३ आणि २००९ मध्ये फेरारी एफ-६० च्या बॉडीखाली आलेली एफ-१०४, या दोन गाड्यांनी टी-प्लेट जगभर पोचवली. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची ग्लास-इपॉक्सीची पट्टी. रुंद डोकं पॉडला घट्ट स्क्रूने बसवलेलं, शेपटीकडचा भाग रबरी ओ-रिंगांच्या मध्ये धरून चेसिसला. वळणावर पट्टी पिळवटते, ब्रेक-थ्रॉटलवर वाकते. आमच्या कारखान्याशेजारी ट्रकचे पाटे बनतात. त्यांच्या बाजूला ठेवली तर टी-प्लेट त्यांचं शेंडेफळ वाटेल.

गोम अशी की पिळवटणं आणि वाकणं या दोन्ही गोष्टी एकाच पट्टीकडे आहेत. वळणावर गाडी जास्त कलते म्हणून जाड पट्टी घातली की थ्रॉटलवर मागची बाजू बसायची तीही कमी होते. तुम्हाला एक बदल हवा असतो, मिळतात दोन. त्यात जाडीचा हिशोब फार तिखट आहे. पट्टीचा वाकण्याचा विरोध जाडीच्या घनाने वाढतो. दोनऐवजी अडीच मिलिमीटर, म्हणजे सव्वापट जाडी, आणि विरोध जवळजवळ दुप्पट. मधला काही पर्यायच नाही. म्हणून जाणते लोक जाडी बदलायच्या आधी पट्टीची कंबर कानशीने बारीक करतात, कारण रुंदीचा हिशोब सरळ आहे. रुंदी दहा टक्के कमी केली की विरोध साधारण दहा टक्के कमी. कानस मात्र दोन्ही बाजूंनी सारखी फिरली पाहिजे आणि कडा पॉलिश-पेपरने गुळगुळीत झाली पाहिजे. खरवडलेल्या कडेतूनच चीर सुरू होते.

पुण्यात या पट्टीचा एक मोठा फायदा आहे. ती इथे बनते. सर्किट बोर्डासाठी वापरतात तोच ग्लास-इपॉक्सीचा पत्रा. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत चौकशी केली की कोण कुठल्या जाडीचा ठेवतो ते कळतं, आणि भोसरी-चिंचवडमध्ये राउटरवाला शोधायला लांब जावं लागत नाही. परदेशातून मागवलेल्या पट्टीवर कुरिअर आणि ड्यूटी मिळून जो आकडा येतो तो बघता हे फार सोयीचं आहे. कापताना धुळीसाठी नाकाला मास्क लावायला सांगावं. काचेच्या तंतूंची धूळ वाईट.

पट्टी थकते हेही लक्षात ठेवावं. स्क्रूच्या भोकाभोवती पांढुरका डाग दिसायला लागला की आतले थर सुटायला लागले. मोडायच्या कितीतरी आधीच एका बाजूने ती मऊ झालेली असते, आणि गाडी डावीकडे एक वागते, उजवीकडे दुसरंच. कार्बनची पट्टी हलकी आणि ताठ, पण मोडते तेव्हा सूचना न देता मोडते. डांबरावर मी ग्लास-इपॉक्सीच वापरतो.

साध्या टी-प्लेट किटमध्ये वरती घर्षणाचा डॅम्पर असतो. दोन चकत्या, मध्ये ग्रीस, वरून स्प्रिंगचा दाब. कार्पेटवर तो छान चालतो. आपल्या पार्किंगवर त्या ग्रीसमध्ये दुपारपर्यंत धूळ जाऊन त्याची पॉलिश-पेस्ट होते. मग चकती आधी चिकटते, नंतर एकदम सुटते, आणि गाडी वळणाच्या मध्यावर झटका देते. दर तासाभराने कापडाने पुसून नवं ग्रीस लावणं एवढाच इलाज. तेलाचा शॉकअप लावता येत असेल तर लगेच लावावा.

४. लिंकवाल्या गाडीत प्रत्येक कामाला वेगळा माणूस आहे, आणि प्रत्येकावर वेगळं लक्ष ठेवावं लागतं

लिंकच्या रचनेत पॉड मध्यरेषेवर एका पिव्हट-बॉलवर टेकतो. दोन्ही बाजूंना दोन समांतर दांड्या त्याला मागे-पुढे सरकू देत नाहीत. कलण्याला विरोध करायला दोन बाजूच्या स्प्रिंगा. कलण्याचा वेग आवरायला दोन बारीक नळ्या, आत घट्ट सिलिकॉन तेल. थ्रॉटल-ब्रेकला मधला शॉकअप. टी-प्लेट जे काम एकटी करते ते इथे वाटून दिलेलं आहे. गाडी कलते? बाजूची स्प्रिंग बदला, मधल्या शॉकअपला हात लावू नका. कलते ठीक, पण फार झटकन? नळीतलं तेल घट्ट करा. अडचण नेमकी ज्या ठिकाणी आहे त्याच ठिकाणी स्क्रूड्रायव्हर जातो.

युरोपातल्या कार्पेटवर ही रचना का रुळली ते त्या हॉलमध्ये उभं राहिल्यावर दहा मिनिटांत कळतं. तिथे पकड इतकी असते की रबरी टायरवरसुद्धा गाडी वळणात कलंडू शकते. जमीन रोज तीच, तापमान जवळपास तेच. अशा ठिकाणी फरक बारीक-सारीक दुरुस्तीतून पडतो, आणि बारीक-सारीक दुरुस्ती लिंकमध्ये होते. शेजारच्या टेबलावरचे एक निवृत्त गृहस्थ नळीतल्या तेलाच्या बाटल्या रंगाप्रमाणे लावून ठेवत. शर्यतीच्या आधी त्यातली एकच बाटली हलायची. बाकी गाडी जशीच्या तशी.

पण दोन्ही लिंकची लांबी तंतोतंत सारखी पाहिजे. एक दांडी पाव मिलिमीटर लांब झाली की धुरा तिरका बसतो आणि गाडी सरळ रस्त्यावर खेकड्यासारखी जाते. ट्रिमने स्टिअरिंग सरळ करून हा दोष झाकला जातो, म्हणून तो बरेच दिवस सापडत नाही. व्हर्नियरने डाव्या किंगपिनपासून (पुढचं चाक जिच्यावर वळतं ती उभी पिन) डाव्या धुऱ्यापर्यंत आणि उजव्या किंगपिनपासून उजव्या धुऱ्यापर्यंत मापावं. आकडे जुळले की मगच बाकीची चर्चा. लिंक चेसिसला समांतर नसून वर-खाली तिरक्या असल्या तर गाडी कलताना पॉड किंचित वळतो, म्हणजे मागची चाकं स्वतःच थोडं स्टिअरिंग करतात. कोणी हे मुद्दाम वापरतात. मी नाही वापरत. मागच्या चाकांनी आपणहून काही ठरवू नये असं माझं मत आहे.

पार्किंगवर लिंकचं दुखणं म्हणजे कण. पिव्हट-बॉलच्या कपात वाळूचा एक कण गेला की फिरणं खरखरीत होतं. उन्हाळ्यात डांबर तापतं, वर मोटरची उष्णता, आणि नळीतलं तेल सकाळपेक्षा दुपारी पातळ वागतं. सकाळची सेटिंग दुपारी लागू पडत नाही. टी-प्लेटला यातलं निम्मं कळतही नाही.

५. चारही चाकं स्वतंत्र असलेली गाडी एकदा तरी बांधावी

आमच्या सोसायटीत इंजिनिअरिंगचा एक मुलगा आहे. त्याच्या कॉलेजची टीम कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत या स्पर्धेला जाते. विशबोनची गणितं त्याला तोंडपाठ आहेत. माझी टी-प्लेटची गाडी उलटी करून बघितल्यावर त्याचा चेहरा पडला.

"काका, हे तर गो-कार्ट आहे! सस्पेन्शन कुठाय?"

"अरे, आहे तेवढं पुरतं."

"पण कॅम्बर गेन? रोल सेंटर?"

त्याने थ्री-रेसिंग कंपनीची एफजीएक्स मागवली. दुहेरी विशबोन, पुशरॉड, आत झोपवलेले शॉकअप, मागे गिअरबॉक्स. तामियानेही एफ-२०१ मध्ये चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन दिलं होतं, वर चारही चाकांना ताकदही दिली होती. एफजीएक्स बांधताना बघायला मीही बसलो. बांधण्याच्या आनंदात तिला तोड नाही, हे मोकळेपणाने सांगतो. रॉकर फिरताना बघत बसावं अशी ती चीज आहे.

मग आम्ही दोन्ही गाड्या एकाच डांबरावर, सारख्या मोटरवर, सारख्या टायरवर काढल्या. जिथे डांबराला ठिगळं होती आणि पेव्हर ब्लॉकची एक पट्टी आडवी जात होती, तिथे त्याची गाडी सरळ निघून जायची आणि माझी उडायची. पाच मिलिमीटरचा खडा या मापात पाच सेंटिमीटरच्या दगडाएवढा आहे. सरळ धुऱ्यावर एक चाक त्यावर चढलं की दुसऱ्याचीही पकड जाते. स्वतंत्र चाकाला तेवढीच मोकळीक मिळते. हा भाग त्याने जिंकला.

सपाट तुकड्यावर चित्र उलटलं. या गाड्यांचे मागचे टायर रुंद आणि सपाट असतात. सरळ धुरा ते दोन्ही जमिनीवर सपाट ठेवतो, चेसिस कितीही कलो. स्वतंत्र विशबोनमध्ये चेसिस कललं की चाकही कलायला बघतं. ते परत सपाट करण्यासाठी कॅम्बर गेन, म्हणजे वर जाताना चाकाचा उभा कल बदलणं, लागतो, त्यासाठी आर्मचे कोन लागतात, आणि ते कोन वर सांगितलेल्या नऊ सांध्यांच्या खेळावर अवलंबून. कागदावर अर्ध्या अंशाने जमवलेला कॅम्बर टेबलावर चाक हाताने हलवलं तर एक अंश इकडे-तिकडे होतो. त्याचं गणित बरोबरच होतं. प्लास्टिकने ते ऐकलं नाही.

सांध्यांत शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालून, काही बॉल-जॉइंट बदलून त्याने खेळ पुष्कळ कमी केला. गाडी सुधारली. पण दर दोन-तीन आठवड्यांनी ते काम परत करावं लागतं. माझी पट्टी एकदा बसवली की महिनोन्महिने कोणी विचारत नाही.

६. पुढच्या चाकांना दीड मिलिमीटर पुरतो

मागच्या बाजूवर इतकं लिहिलं जातं की पुढचं कोणी नीट बघत नाही. खालचा आर्म बहुतेक गाड्यांत चेसिसला पक्का असतो. चाकाचा नकल किंगपिनवर वर-खाली घसरतो आणि त्याच्या वर किंवा खाली एक बारीक स्प्रिंग असते. हालचाल मिलिमीटर-दीड मिलिमीटर. डॅम्पिंग म्हणून किंगपिनला घट्ट सिलिकॉन तेल लावतात, वीस-तीस हजार सेंटिस्टोकचं, मधासारखं ओघळणारं.

किंगपिन किंचित वाकली तरी बाहेरून दिसत नाही, पण चाक वर जाताना एका जागी थांबतं. काचेवर लाटून बघावी. वाकलेली पिन लाटताना डुगडुगते. स्प्रिंग मऊ केली की वळणात शिरताना नाक तीक्ष्ण जातं, कडक केली की गाडी शांत होते. वरचा आर्म मागे झुकवून बसवला तर नाक दबताना कॅस्टर, म्हणजे किंगपिनचा मागे झुकलेला कोन, बदलतो. कार्पेटवर हा बदल उपयोगी पडतो. डांबरावर तो जाणवायच्या आधी खडेच जास्त जाणवतात.

७. टायर आधी, पट्टी आणि लिंक नंतर

२०२१ पर्यंत खऱ्या एफ-वनमध्ये १३ इंची रिम होते. उंच टायरची भिंतच स्प्रिंगसारखी दबायची. २०२२ मध्ये १८ इंची रिम आले, भिंत बुटकी झाली आणि ते काम सस्पेन्शनवर येऊन पडलं. आपल्या गाड्या अजून उंच भिंतीच्याच काळात आहेत. फोमच्या टायरमध्ये पूर्ण कडं स्प्रिंग असतं, रबरी टायरमध्ये भिंत आणि आतला स्पंज. किलोभर गाडीचे धक्के आधी तिथेच जिरतात.

म्हणून दोन डिझाइनची तुलना वेगवेगळ्या टायरवर केली असेल तर ती तुलना टायरची झाली. पुढचा टायर फार चावत असेल तर त्याच्या भिंतीवर फेविक्विकसारख्या गोंदाचा पातळ हात फिरवतात, भिंत ताठ होते, नाक शांत होतं. पाच मिनिटांत वाळणारा हा हात कित्येकदा स्प्रिंगच्या पूर्ण संचापेक्षा जास्त बदल करतो. बोटांना लागणार नाही तेवढं बघावं.

८. गाडी पिळलेली नाही ना, हे पाहिल्याशिवाय डिझाइनला नावं ठेवू नयेत

गाडीच्या एका कोपऱ्यावर जास्त वजन बसलं की तिला ट्वीक आला म्हणतात. तपासायला यंत्र लागत नाही. काचेवर गाडी ठेवावी आणि नाकाच्या बरोबर मध्याखाली चाकूचं टोक घालून हळूहळू उचलावी. दोन्ही पुढची चाकं एकदम सुटली पाहिजेत. एक आधी सुटलं तर पीळ आहे. मग शेपटीकडून तेच करावं.

लिंकमध्ये बाजूच्या स्प्रिंगचे स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून पीळ काढता येतो. टी-प्लेटमध्ये शेपटीकडचे स्क्रू सैल-घट्ट करून काढावा लागतो, आणि ओ-रिंग जुन्या असतील तर तो दुपारी परत येतो. अपघातानंतर टी-प्लेट गाडीत पीळ राहण्याची शक्यता जास्त, कारण स्क्रूची भोकं किंचित मोठी असतात आणि पट्टी सरकून तिथेच घट्ट बसते. स्क्रू सैल करून, गाडी काचेवर दाबून, तिथेच परत आवळले तर बहुतेक वेळा काम होतं. बॅटरीचंही बघावं. दोनशे ग्रॅमचा लायपो मध्यरेषेपासून सरकला तर काचेवरच्या परीक्षेत त्याचाही परिणाम येतो.

९. सर्वांत वेगवान फेरी वहीत लिहू नये

क्लबातल्या गप्पा एका फेरीच्या वेळेवर चालतात. माझ्या वहीत मी पाच मिनिटांच्या पूर्ण हीटची सरासरी आणि सर्वांत वाईट फेरी लिहितो. पार्किंगवर माझ्या टी-प्लेटच्या गाडीची उत्तम फेरी लिंकच्या गाडीपेक्षा हळू असते, पण वाईट फेरीसुद्धा फार वाईट नसते. कार्पेटवर हे उलटं होतं. तिथे लिंकची गाडी पहिल्या मिनिटाला जशी होती तशीच पाचव्याला असते, आणि टी-प्लेट टायर तापत जातील तशी मागून सैल होत जाते. एकाच्या वहीतला निकाल दुसऱ्याच्या जमिनीवर लागू पडत नाही तो एवढ्यासाठीच.

१०. पहिली गाडी घेणाऱ्याला मी काय सांगतो

महाराष्ट्रात राहून डांबरावर चालवायची असेल तर टी-प्लेट, तेलाच्या मधल्या शॉकअपसह. दोन मिलिमीटर जाडीची एक पट्टी गाडीत, एक जादा डब्यात, आणि पत्र्याचा एक तुकडा कपाटात. पॉडची मोकळी हालचाल थोडी जास्त ठेवावी, म्हणजे खड्ड्यावर चाकं जमिनीचा पाठलाग करतात. चेसिस जमिनीपासून पाच मिलिमीटर वर ठेवावं, कार्पेटवाले चारला नेतात म्हणून आपण नेऊ नये. हॉल आणि कार्पेट मिळणार असेल, नोकरीनिमित्त युरोपात राहणार असाल, तर थेट लिंक घ्यावी. बाजूच्या स्प्रिंगांचे तीन जोड पुरतात, सहा घेण्यात अर्थ नाही. रविवारची दुपार टेबलावर घालवायला आवडत असेल आणि निकालाची घाई नसेल, तर एफजीएक्स. तिच्यासोबत शिमची डबी आणि बॉल-जॉइंटचं एक जादा पाकीट त्याच ऑर्डरमध्ये टाकावं, नंतर मागवायला गेलं की कुरिअरचा खर्च पाकिटापेक्षा जास्त होतो.